जोडगोळीचा हिशेब

"अण्णा, माझा टीबी सा महिन्यात गेला की ओ. चार औषधं एका गोळीत होती म्हणून गेला म्हणतेत. मग पोराला एकच औषध का देतेत? एकच देतेत म्हणून त्याचं जाईना काय?"

सोलापूरच्या पूर्व भागात माझं मेडिकलचं दुकान आहे, सत्तावीस वर्षं झाली. काउंटरवर लोक काय काय विचारतात याची मोजदाद नाही, पण विडी घरकुलातल्या या अक्कांच्या प्रश्नाला मला जागच्या जागी उत्तर देता आलं नाही. "डॉक्टरांना विचारा" हे आमच्या धंद्यातलं हुकमी वाक्य टाकून मी सुटका करून घेतली. अक्का कसल्या ऐकतात. म्हणाल्या, "इचारलं की. ते म्हणतेत, गोळी बंद करू नका. येवढंच."

मुलगा बत्तीस वर्षांचा, टॉवेलच्या कारखान्यात मागावर. तीन वर्षांपूर्वी पोटात डाव्या बाजूला जड लागायला लागलं, जेवण कमी झालं, वजन उतरलं. गॅसेस म्हणून महिनाभर माझ्याच दुकानातून सिरप नेत होता, हेही सांगून टाकतो. पुढे रक्त तपासलं तेव्हा पांढऱ्या पेशी लाखाच्या वर. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, रक्ताचा एक कॅन्सर. तेव्हापासून इमॅटिनिबची चारशे मिलिग्रॅमची एक गोळी, रोज, जेवणावर, मोठा तांब्याभर पाण्याबरोबर. मुंबईच्या रुग्णालयातून गोळ्या मिळतात. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघायचं, सकाळी रांगेत लागायचं, रात्रीच्या गाडीनं परत. एखादी खेप चुकली की मधल्या दिवसांची स्ट्रिप माझ्याकडून. गोळ्या ठेवायला अक्कांकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. मुलाच्या स्ट्रिपा त्या विडीच्या दोऱ्यानं बांधून ठेवतात, आणि मागच्या वर्षी त्याच डब्यात त्यांच्या स्वतःच्या टीबीच्या गोळ्याही असायच्या. प्रश्न त्या डब्यातून आलेला आहे. एका बाजूला चार औषधांची एक गोळी आणि सहा महिन्यांत सुट्टी. दुसऱ्या बाजूला एका औषधाची गोळी आणि सुट्टी कधीच नाही.

त्यानंतर मी बरंच वाचलं, ओळखीच्या दोन डॉक्टरांचं डोकं खाल्लं. माझं मत असं झालं आहे की अक्कांचा प्रश्न अगदी बरोबर आहे, जगातले मोठे रक्तरोगतज्ज्ञही तोच विचारताहेत, आणि त्याचं स्वस्त उत्तर शोधण्यात कुणाचाच धंदा नसल्यामुळे ते सरकारी पैशानं शोधावं लागेल. तेही आपल्याकडे.

आधी आमच्या धंद्याची लाज काढतो. या देशात औषधं एकत्र करायला कुणी मागेपुढे पाहत नाही. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारनं ३४४ मिश्र औषधांवर एका फटक्यात बंदी घातली. वैद्यकशास्त्राचा काही आधार नसताना दोन-तीन औषधं एका गोळीत कोंबली होती म्हणून. कंपन्या कोर्टात गेल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत चढलं, फेरतपासणी झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. जून २०२३ मध्ये आणखी १४. त्यात पाण्यात विरघळणारी निमेसुलाइड आणि पॅरासिटामॉलची गोळीही होती. ती मी विकलेली आहे, पट्ट्याच्या पट्ट्या. एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, यायचा, दहावर दोन फुकट द्यायचा, आणि गिऱ्हाइकाला "यात दोन आहेत" म्हटलं की एकापेक्षा ते बरंच वाटायचं. सर्दीला चार औषधं जोडणारा आपला देश. आणि जिथे दुसरं औषध जोडल्यानं जन्माची गोळी सुटण्याची शक्यता आहे, तिथे चौकशी करायलाही पैसा निघत नाही.

टीबीनं हा धडा पंचाहत्तर वर्षांपूर्वीच दिला होता. १९४८ मध्ये ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या प्रसिद्ध चाचणीचे निष्कर्ष आले. रुग्ण सुरुवातीला झपाट्यानं सुधारले. मग कित्येकांच्या थुंकीतले जंतू औषधाला दाद देईनासे झाले. सोबत दुसरं औषध दिलं, तेव्हा ते थांबलं. एका औषधाला चुकवणारा जंतू लाखांत एखादा असतोच, पण दोन्हींना एकदम चुकवणारा विरळा, इतका तो साधा हिशेब आहे. पुढचा मोठा धडा तर आपल्याच देशातला. १९५६ मध्ये मद्रासला टीबीचं संशोधन केंद्र निघालं. गरीब वस्तीतल्या रुग्णांना दोन औषधं जोडून घरी दिली, तर सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या खास रुग्णालयात, ठेवलेल्यांइतकेच ते बरे होतात, हे तिथे सिद्ध झालं. त्या निष्कर्षानं जगभरातली सॅनेटोरियमं ओस पडली. त्यामागे कुठली कंपनी नव्हती. पैसा सरकारी होता.

सीएमएलमध्ये मात्र गंमत उलटी झाली. इथे पहिलंच औषध इतकं चांगलं निघालं की दुसऱ्याची गरज कुणाला भासेना. १९६० मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक तोकडं गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केलेले असतात. त्या चुकीच्या सांध्यातून एक विकृत प्रथिन तयार होतं आणि ते पेशीला एकच हुकूम देत राहतं: वाढ. चालू करायची कळ अडकून बसलेल्या मागासारखं. इमॅटिनिब नेमकं त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसतं. मे २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. त्याआधी या आजाराचा माणूस चार-पाच वर्षांचा सोबती समजला जायचा. इमॅटिनिब घेणाऱ्यांच्या पहिल्या मोठ्या चाचणीत दहा वर्षांनंतर सुमारे ८३ टक्के हयात होते.

आणि हे औषध आपल्या गरिबाच्या हाताला लागलं ते फुकाफुकी नाही. मूळ कंपनीची महिन्याची किंमत लाखाच्या पुढे होती, आपल्याकडच्या जेनेरिक कंपन्या तेच दहा हजारांच्या आसपास देत होत्या. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला. जुन्या रेणूचं थोडं वेगळं रूप म्हणजे नवा शोध नव्हे, हे आपल्या कायद्याचं कलम ३(ड) तेव्हा खरं उतरलं. आज किंमत त्याहून बरीच खाली आहे. सोलापुरातल्या मागवाल्याच्या घरात ही गोळी दिसते त्याला ती लढाई कारण आहे.

मग अडचण काय? हराळी. आमच्याकडे ज्वारीच्या रानात हराळी माजली की वरून कितीही खुरपा, जमिनीत काशा राहतात. पाऊस पडला की रान पुन्हा हिरवं. इमॅटिनिब वाढणाऱ्या पेशी मारतं. अस्थिमज्जेत निजून असलेल्या मूळ पेशी त्या विकृत प्रथिनाच्या जिवावर जगत नाहीत, म्हणून त्या औषधाला पुरून उरतात. फ्रान्समध्ये हे नीट मोजलं गेलं. किमान दोन वर्षं रक्तात आजाराचा माग लागलेला नाही अशा शंभर रुग्णांची गोळी बंद केली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात सुमारे चाळीस टक्के लोक गोळीशिवाय ठीक राहिले. उरलेल्यांचा आजार परतला, बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांतच. गोळी पुन्हा सुरू केल्यावर तो आटोक्यातही आला. म्हणजे काहींच्या रानातल्या काशा मरतात, काहींच्या राहतात. आणि रक्तातला आजाराचा माग गोळी थांबवून बघण्याइतक्या खोल पातळीला उतरलेले रुग्णच मुळात थोडे.

पाश्चात्त्य देशांत हा आजार साठीच्या आसपास गाठतो. त्या वयात जन्मभराची गोळी म्हणजे वीसेक वर्षं. आपल्याकडे तो तिशी-चाळिशीत येतो. अक्कांच्या मुलाला अजून चाळीस वर्षं आयुष्य धरलं तर चौदा हजार सहाशे गोळ्या. डोळ्यांखाली सूज, रात्री पोटऱ्यांना गोळे, मळमळ हे सगळं त्यात आलं. कातडीचा रंगही उजळतो या औषधानं. शेजारणी त्याला म्हणाल्या, "गोरा झालास की रे, लग्नाचं बघा आता." घरात कुणी हसलं नाही. आणि हाच आजार पंचविशीतल्या मुलीला झाला, तर? गरोदरपणात इमॅटिनिब चालत नाही. तिच्यासाठी गोळी सुटणं म्हणजे मूल होणं. "एक गोळी पुरेशी आहे" हे वाक्य या वयाच्या रुग्णासमोर म्हणून बघावं.

जोडगोळीचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. फ्रान्समधल्याच ६३६ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली आले. इमॅटिनिबसोबत इंटरफेरॉनचं इंजेक्शन जोडलेल्या गटात वर्षअखेर खोल पातळी गाठणारे ३० टक्के होते, नुसत्या गोळीवर १४. दुपटीहून जास्त. पण इंटरफेरॉनचा ताप, अंगदुखी आणि मरगळ सोसेना म्हणून ४५ टक्के लोकांनी वर्षाच्या आतच इंजेक्शन सोडलं, आणि आयुष्य वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. करोनात घराघरांत पोचलेलं हायड्रॉक्सीक्लोरोक्विनही इमॅटिनिबला जोडून पाहिलं गेलं, त्यातून फार काही हाती लागलं नाही. जोडलं की जमलं, असं हे प्रकरण नाही, आणि ज्याला तसं वाटतं त्यानं माझं सर्दीच्या गोळ्यांचं रॅक आठवावं.

माझं लक्ष मात्र तिसऱ्या प्रयत्नावर अडकलं, कारण ते औषध माझ्या दुकानात रोज खपतं. पायोग्लिटाझोन. मधुमेहाची गोळी, किंमत काही रुपये. फ्रान्समधल्याच संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की ते निजलेल्या मूळ पेशींना जागं करतं, आणि जाग्या पेशी इमॅटिनिबच्या तावडीत सापडतात. त्यांच्या तीन रुग्णांमध्ये पायोग्लिटाझोन थांबवल्यावरही आजाराचा माग वर्षानुवर्षं लागला नाही. नंतर चोवीस रुग्णांवरचा छोटा अभ्यास आला, तोही आशा वाढवणारा. तीन आणि चोवीस. एवढ्यावर कुणालाही ही गोळी सुरू करून देऊ नये, हे मी धंदेवाला असून सांगतो. २०१३ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरच्या शंकेवरून आपल्याकडे याच गोळीवर सुमारे सहा आठवडे बंदी आली होती आणि ती उठली ती वेष्टनावर इशारा छापण्याच्या अटीवर. पण शेकडो रुग्णांवर, चिठ्ठ्या टाकून गट पाडून, चार-पाच वर्षं तपासण्यासारखा हा प्रश्न आहे की नाही? आता सांगा, ती चाचणी कोणती कंपनी करील? दोन्ही औषधांची पेटंटं संपलेली. चाचणी यशस्वी झाली तर फायदा काय, तर रुग्ण गोळ्या घेणं बंद करील! जिला यशाचं बक्षीस म्हणून गिऱ्हाईक गमवावं लागतं, ती कंपनी कोट्यवधी रुपये कशाला घालेल? तिचा दोष नाही. माझ्याही दुकानाचं गणित तेच आहे.

महागड्या जोड्यांना मात्र पैसा मिळतो. असिमिनिब नावाचं नवं औषध त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या खाचेत बसतं; ते इमॅटिनिबला जोडून बघण्याच्या चाचण्या झाल्या आहेत, आणि विचार म्हणून तो सुरेखच आहे, एका कुलपाला दोन बाजूंनी किल्ली. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रानं जीवनरक्षक ३३ औषधांवरचा जीएसटी शून्यावर आणला त्यात असिमिनिबही आहे. बरं झालं. पण मागवाल्याला न परवडणाऱ्या किमतीवरचा कर गेला तरी ती किंमत त्याला परवडत नाहीच.

याच आजाराचं चुलतभावंड म्हणजे सीएलएल, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया. ते बहुतेक म्हातारपणी होतं आणि आपल्याकडे पाश्चात्त्यांच्या मानानं कमी दिसतं. तिथे जोडगोळीनं बाजी मारलेली आहे. व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या आणि ओबिनुटुझुमॅबची इंजेक्शनं जोडून बारा महिने उपचार करायचे आणि थांबवायचे. २०१९ च्या ४३२ रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांनी आजार न बळावता राहिलेले ८८ टक्के होते, जुन्या पद्धतीच्या गटात ६४. मुदत बांधलेला उपचार कॅन्सरच्या या जातीत शक्य आहे, हे त्यातून दिसलं. आणि या व्हेनेटोक्लॅक्सचीच एक गोष्ट मला हिशेबी माणूस म्हणून फार आवडली. काही बुरशीनाशक औषधं यकृतात त्याचं विघटन रोखतात. ती सोबत असतील तर चारशे मिलिग्रॅमऐवजी शंभर किंवा त्याहून कमी द्या, असं त्याच्या माहितीपत्रकातच आहे. तो इशारा आहे. पण आपल्याकडचे काही डॉक्टर त्याचा उपयोग खर्च कमी करायला करतात: दुसरं औषध जोडायचं आणि महागडं औषध पावपट करायचं. गरिबाच्या घरची जोडगोळी अशी असते, आणि ती सुरक्षित ठेवायची तर शास्त्र गरिबाच्या बाजूनं उभं करावं लागतं.

ते होऊ शकतं याचा दाखला मुंबईचा आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तोंडाच्या आणि घशाच्या वाढलेल्या कॅन्सरमध्ये स्वस्त गोळ्यांच्या उपचाराला निव्होलुमॅब हे अतिमहाग इंजेक्शन जोडलं, पण नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी, वीस मिलिग्रॅम. वर्षभर जगणारे १६ टक्के होते ते ४३ टक्के झाले. असा प्रश्न कंपनीला सुचणार नाही, सुचला तरी परवडणार नाही. ज्या रुग्णालयाच्या दारात तंबाखूनं तोंड सडलेली माणसं रांगेनं बसतात, त्यालाच तो सुचतो.

आता कुणी म्हणेल, हे मुंबईला ठीक, सोलापुरात कसलं संशोधन? त्यांनी बार्शी आठवावी. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये आपल्या जिल्ह्यात, बार्शीत सुरू झाली. गावोगाव फिरून कॅन्सरचा रुग्ण वहीत आणायचा, हे काम तेव्हापासून चालू आहे. त्याच बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयातून डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची चाचणी चालवली. १,३१,७४६ बायका. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी केली तर त्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये तिथून जगाला कळलं. बार्शीला जे जमलं ते सोलापूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला, १९६३ पासूनच्या संस्थेला, का जमू नये? सीएमएलचे रुग्ण मोजके आहेत, ठरावीक मुदतीनं यायचेच आहेत, गोळी एक आहे, मोजायचा आकडा एक आहे. चाचणीला याहून सोयीचा आजार दाखवा. सोलापूर, नांदेड, मिरज, नागपूर अशी आठ-दहा सरकारी केंद्रं जोडली आणि आयसीएमआरनं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, खर्च उचलला, तर पायोग्लिटाझोनसारख्या प्रश्नाचं हो किंवा नाही पाच-सहा वर्षांत लागेल. "नाही" आलं तरी तो पैसा वाया गेला नाही असं मी म्हणेन.

"म्हणजे आमच्या गरिबांना उंदीर करायचं?" पेठेतल्या एका मित्रानं हे तोंडावर विचारलं, आणि प्रश्न झटकण्यासारखा नाही. धाराशिवच्या त्याच चाचणीवर आक्षेप घेतला गेला होता, की तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी मिळाली नाही. तो आक्षेप मला आजही बोचतो. पण सीएमएलच्या चाचणीत कुणाचं इमॅटिनिब काढून घ्यायचं नाही. एका गटाला नेहमीचं, दुसऱ्याला नेहमीचं अधिक एक. औषधांच्या चाचण्यांसाठीच्या २०१९ च्या नियमांत नुकसानभरपाई, नैतिक समिती, संमती हे सगळं आलेलं आहे. संमतीचा कागद तेलुगूत आणि कन्नडमध्येही असला पाहिजे, एवढं पूर्व भागाच्या वतीनं मी जोडतो. शिवाय चाचणीत नसताना आपला गरीब सुरक्षित असतो, हेच मला पटत नाही. तो प्रयोग करतच असतो, फक्त नोंद कुणी ठेवत नाही. कुणी कावीळ उतरवणाऱ्याचा काढा सोबत घेतो, कुणी शक्तीच्या पुड्या. अक्कांच्या त्या डब्याचंच घ्या. टीबीच्या गोळीत रिफॅम्पिसिन असतं, ते इमॅटिनिबचं रक्तातलं प्रमाण पाऊणपटीनं उतरवतं. मुलाला टीबी झाला असता आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांचा पत्ता नसता, तर रोज गोळी गिळूनही ती न गिळल्यासारखी झाली असती. विडी आणि माग यांच्या गावात टीबी नवा नाही. डबा बघितल्यावर त्या दिवशी मी अक्कांना दोन वेगळे डबे करायला लावले, आणि मुलाच्या फाइलवर लाल पेनानं लिहून दिलं.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो, आणि तो माझाच आहे. पहिली गोळी तरी नीट पोटात जाते का? लंडनच्या एका अभ्यासात गोळ्यांच्या बाटलीच्या झाकणात चिप बसवून ती कधी उघडली हे मोजलं. ज्यांनी ९० टक्क्यांहून अधिक गोळ्या घेतल्या त्यांच्यात जवळजवळ सगळ्यांनी चांगली पातळी गाठली. ९० च्या खालच्यांत तिसरा हिस्साही नाही. ९० टक्के म्हणजे महिन्याला तीन गोळ्या चुकणं. फक्त तीन! गेल्या पावसाळ्यात कारखान्याला मंदी होती, मुंबईची खेप चुकली, आणि अक्कांनी माझ्याकडून पूर्ण स्ट्रिप न घेता शिल्लक गोळ्या दिवसाआड दिल्या. माझ्या लक्षात आलं ते उशिरा, स्ट्रिपांचे हिशेब जुळेनात तेव्हा. "दिवसाआड चालत नाही" हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. औषध लिहिणाऱ्यानं नाही, देणाऱ्यानं नाही, मीही नाही.

आणि मोजायचं काय? वर्षभरात आजाराचा माग ०.१ टक्क्यावर यावा लागतो, त्यासाठी दर तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएलची, म्हणजे गुणसूत्रांच्या त्या चुकीच्या सांध्याची, पीसीआर तपासणी. ती मोठ्या शहरांत पाठवावी लागते, खिशातून हजारो रुपये जातात, म्हणून लोक वर्षातून एकदा करतात किंवा करतच नाहीत. इथे मला एक गोष्ट कळली आणि मी चाटच पडलो. टीबी शोधायला सरकारनं जिल्ह्याजिल्ह्यांत जी सीबीनॅट यंत्रं बसवली आहेत, त्याच जातीच्या यंत्रात बीसीआर-एबीएलचं काडतूस चालतं. यंत्र आहे, चालवणारा तंत्रज्ञ आहे, वीजही बहुतेक वेळा असते. वेगळं काडतूस आणायचं, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत गोळीबरोबर वर्षाच्या चार तपासण्या बांधून द्यायच्या. गोळीही जिल्ह्याच्या ठिकाणी द्यायची. सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात उभं राहून रक्ताच्या कॅन्सरवर कुणी उपचार घेऊ नये.

काही जण म्हणतील, मग हे आधी करा, जोडगोळीचं नंतर बघू. मी अडखळतो ते इथेच. पन्नास वर्षांनीही "आधी" संपणार नाही, हा आपला अनुभव. आणि चाचणी बसली की तपासणी येते, गोळ्या मोजणारा माणूस येतो, फोन करणारी परिचारिका येते. ज्याला आपण पायाभूत म्हणतो ते चाचणीच्या पाठीवर बसून आलेलं बार्शीत दिसलं आहे. म्हणून मी दोन्ही एकदम मागतो. मिळेल त्यातलं निम्मं, हेही ठाऊक आहे.

परवा अक्का आल्या होत्या. मुलाचं रक्त तीन आठवड्यांपूर्वी पाठवलं आहे, रिपोर्ट अजून यायचा आहे. या महिन्याच्या गोळ्यांचा हिशेब जुळला, एकही चुकलेली नाही. मी त्यांना जमेल तसं सांगितलं: तुमचा प्रश्न बरोबर आहे, दुसरी गोळी जोडून बघताहेत, आपल्याकडे मोठं असं कुणी बघत नाही, आणि तोवर मनानं काही जोडायचं नाही. त्यांनी ऐकून घेतलं, स्ट्रिपा दोऱ्यानं बांधल्या. पायरी उतरता उतरता वळून म्हणाल्या, "ते दोन गोळ्यांचं कायतरी कळलं तर सांगा अण्णा. इसरचाल, लिहून ठेवा." समोर उधारीची वही होती, तिच्यातच त्यांच्या नावापुढे लिहून ठेवलं.